दर्यावरचा अबोला

गिरगावात वा लालबागला बसल्या जागी जगाच्या दुसऱ्या टोकाशी बोलण्याचे आता कोणालाच नवल वाटत नाही. मात्र ससून गोदीतून वा भाऊच्या धक्क्यावरून निघालेली मच्छीमार नौका किनाऱ्यापासून दहा-पंधरा किलोमीटर पुढे गेली की तांडेलाचा मोबाइल मुका होतो. वायरलेसचा टप्पाही मर्यादित. मग घरच्यांच्या हाती उरते ते वाट पाहणे.

हा अबोला विज्ञानाच्या असमर्थतेमुळे आहे असे म्हणता येणार नाही. कॅप्टन दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हाही उपग्रहाच्या द्वारे त्यांचा किनाऱ्याशी संपर्क होता. सप्टेंबर 2018 मध्ये अभिलाष टॉमी दक्षिण हिंदी महासागरात वादळात जायबंदी होऊन पडले, तेव्हा उपग्रहामार्फत धाडलेल्या मोजक्या शब्दांनी त्यांची अवस्था जगाला कळली आणि तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. याउलट 2017 च्या ओखी वादळात खोल समुद्रात गेलेल्या अनेक मच्छीमारांपर्यंत धोक्याची सूचनाच पोहोचू शकली नाही.

सरकारची अडचण खोटी नाही. 26 नोव्हेंबर 2008 चे हल्लेखोर ‘कुबेर’ ही मच्छीमार नौका बळकावूनच मुंबईपर्यंत आले आणि त्यांच्याजवळ उपग्रह-फोन होता. परवानगीवाचून असा फोन बाळगता येत नाही, याचे कारण उघड आहे. परंतु चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात सुरक्षा नसते. विमानांत व जहाजांत इंटरनेट देण्याचे नियम 2018 मध्येच झाले. पण त्यासाठी लागणाऱ्या यंत्रसामग्रीचा खर्च आगबोटीच्या मालकाला पेलतो, कोळ्याला नव्हे.

30 ऑगस्ट 2024 रोजी पालघर येथे देशव्यापी नौका-संपर्क योजनेचा आरंभ झाला. भारतीय अवकाश संशोधन संस्थेने विकसित केलेले ट्रान्सपॉन्डर टप्प्याटप्प्याने एक लाख नौकांवर बसविण्याची ही योजना स्वागतार्हच आहे. या यंत्रातून दोन्ही बाजूंनी लघुसंदेश जाऊ शकतात. तथापि हे यंत्र कोळ्यावर पाळत ठेवण्यापुरतेच उरले, तर कोळी त्याकडे पाठ फिरवील. हवामानाची सूचना त्याला समजेल अशा मराठीत मिळावी. संकटाच्या हाकेला किनाऱ्यावरून रात्री-अपरात्रीही उत्तर देणारा माणूस जागा असावा. आणि उद्या उपग्रहाचे इंटरनेट स्वस्त झाले, तर त्याचा लाभ लहान नौकेला आधी द्यावा.

दादर-परळच्या ताटात मासळी पोहोचविणाऱ्याची हाक ऐकू येणे, ही चैन नव्हे. परक्याने याच समुद्रमार्गाचा गैरवापर केला म्हणून समुद्राच्या लेकरांनी मुके राहावे, हा न्याय कोणत्याही राज्याला शोभणारा नाही.