टांजियरचा पाहुणा

भाची यंदा मोरोक्कोत टांजियरला जाऊन आली. भूमध्य समुद्राच्या तोंडावरचं ते जुनं बंदर ती एकटीच पायी फिरली. वाटाड्या नव्हता, मोबाइलमध्ये आवाज होता. "मामा, तो सांगतो, इथं वळा, या दारापाशी थांबा. वाटेल तितका वेळ थांबावं, घाई करणारं कुणी नसतं." मी विचारलं, "इब्न बतूताच्या कबरीपाशी थांबलीस का?" ती चकित झाली. नंदुरबारच्या मामाला टांजियरची कबर कशी ठाऊक?

नंदुरबारकराला ती ठाऊक असायलाच हवी. १३०४ साली टांजियरमध्ये जन्मलेला हा प्रवासी मुहम्मद तुघलकाचा वकील म्हणून चीनला निघाला होता. १३४२च्या सुमारास दौलताबादहून खंबायतच्या बंदराकडे जाताना तो आपल्या गावात आला. त्यानं लिहवून ठेवलंय: हे मराठ्यांचं लहानसं गाव, माणसं कारागिरीत निपुण, वैद्यकी आणि ज्योतिष जाणणारी, जेवण भात, भाजी आणि तिळाचं तेल, जेवणाआधी अंघोळ. ताटात मिरची नाही. कशी असणार? अमेरिकेतली मिरची पोर्तुगीजांच्या जहाजातून इकडे यायला अजून दीडशे वर्षांहून जास्त काळ जायचा होता. आणि लिहवून ठेवलंय असं मी मुद्दाम म्हणतो. तो बोलत गेला आणि इब्न जुझय्यनं लिहून घेतलं. १३५५ साली पुरा झालेला तो ग्रंथ मुळात ऐकलेलाच आहे.

भाचीशी बोलल्यापासून मला ध्यास लागलाय, नंदुरबारलाही असा आवाज हवा. सुरत-भुसावळ मार्गावरच्या आपल्या स्टेशनात गाडीतून उतरलेल्या माणसानं इअरफोन कानात घालावेत आणि पायी निघावं. पहिली गोष्ट टांजियरच्या पाहुण्याची. मग माणिक चौक.

चौकात आवाजानं घाई करू नये. ९ सप्टेंबर १९४२. चले जाव चळवळीला बरोबर महिना झालेला. तिरंगा हाती घेतलेला शिरीषकुमार मेहता अवघा पंधरा वर्षांचा. मिरवणुकीतल्या मुलींवर बंदूक रोखली गेली तेव्हा तो पुढे झाला, असं गाव सांगत आलंय. गोळीबारात तो गेला. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास हेही गेले. स्मारकापाशी आपण दुचाकी लावतो, कामाला जातो. पाचही नावं सलग सांगणारी मुलं किती? पोरं ज्या घोषणा देत होती त्या गुजरातीत होत्या, हेही सांगायला हवं. ही फेरी नुसत्या मराठीत झाली तर ती या गावाची होणार नाही. तिच्यात गुजराती हवी, अहिराणी हवी, भिली हवी. आणि त्या बोलणारी माणसं गावातलीच हवीत. पुस्तकी भाषेत वाचून दाखवणारा आवाज मला नको.

शेवटचा थांबा गावाबाहेर, मिरचीच्या पथारीवर. लाल मिरचीची पथारी पसरलेली असते तेव्हा रस्त्यानं जाणाऱ्यालाही ठसका लागतो. गेल्या महिन्यात मी तिथं गेलो. मिरची निवडणाऱ्या एका आजीला म्हटलं, "आजी, कामाबद्दल काहीतरी सांगा ना." त्यांनी मोबाइलकडे पाहिलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. मग अहिराणीत सुरू झाल्या: देठ कसा खुडायचा, कोणती मिरची बाजूला काढायची, संध्याकाळी हातांची आग होते तेव्हा काय करायचं. बारा मिनिटं त्या बोलत होत्या. मधे त्या दोनदा खोकल्या, मी तीनदा. ते तसंच ठेवलंय.

रात्री ते भाचीला पाठवलं. सकाळी तिचा फोन आला.

"मामा, आजी थांबतात तेव्हा मागे एक आवाज येतो. वाळूवर लाट सरकावी तसा. कसला तो?"

"मिरच्या उलटवताहेत," मी म्हणालो.