ताकदीच्या सुईआधी रक्त तपासून घ्या

लालबाग, परळ, शिवडी, काळाचौकी आणि भोईवाडा भागातले सर्व रहिवासी, महिला मंडळे, भजनी मंडळे आणि उत्सव मंडळे यांना जाहीर आवाहन.

दवाखान्यात रोज कुणीतरी म्हणतंच, "डॉक्टर, अंगात त्राण नाही, एक ताकदीची सुई द्या." काही जण थेट सलाईनच मागतात, आणि तीही पिवळी. तो पिवळा रंग बी-कॉम्प्लेक्समधल्या रायबोफ्लेविनचा. शरीराला नको असलेलं रायबोफ्लेविन काही तासांत लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून दुसऱ्या दिवशी लघवी पिवळीधमक होते. पैसे गेले, रंग दिसला, पण थकवा कशाने आला ते काही कळलं नाही.

आमचं मागणं साधं आहे. सुई घ्यायला हरकत नाही, पण आधी काय कमी आहे ते तपासा. सुई घेतल्यावर केलेल्या तपासणीत सुईतलंच बी-१२ जीवनसत्त्व भरपूर दिसतं आणि खरी कमतरता झाकली जाते.

पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं म्हणजे 'क' आणि 'ब' गटातली आठ. अन्नातून ऊर्जा काढणं, रक्ताच्या पेशी घडवणं, नसा शाबूत ठेवणं, जखमा भरून आणणं ही त्यांची कामं. त्यांचा साठा शरीर फारसा करत नाही, त्यामुळे ती जवळपास रोजच पोटात जावी लागतात. अपवाद एकट्या बी-१२चा. ते यकृतात साठतं आणि काही वर्षं पुरतं, त्यामुळे त्याची कमतरता चोरपावलांनी येते. मासे सोडल्यावर लगेच काही होत नाही, आणि त्रास सुरू होतो तेव्हा मासे कधी सोडले हेही आठवत नाही.

आपल्या भागात हे मुद्दाम सांगायला हवं. इथली बरीच घरं कोकणातली, कित्येक सातारा-कोल्हापूरकडची. पन्नाशी-साठीत अनेक जण माळ घालतात आणि मासे, मटण, अंडी कायमची सुटतात. माळेचा आम्हाला आदरच आहे. पण बी-१२ वनस्पतींत नसतं. पालेभाजीत नाही, डाळीत नाही, आणि स्पिरुलिनाच्या जाहिरातीतलं शरीराच्या उपयोगाचं नाही. माळकऱ्याला ते दूध, दही, ताक यांतूनच मिळायचं. प्रौढ माणसाची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, आणि पेलाभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळतं. चहातलं दूध हिशेबात धरू नका.

त्यात साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू असेल, किंवा पित्तासाठी पॅन्टोप्राझोलसारखी गोळी वर्षानुवर्षं रोज घेतली जात असेल, तर खाल्लेलं बी-१२ही नीट शोषलं जात नाही. तळपायाला मुंग्या येतात, पाय जळजळतात, चप्पल पायातून निसटली तरी समजत नाही, जीभ लाल गुळगुळीत होते, अंधारात तोल जातो. या तक्रारी आपण "वयच झालं आता" म्हणून सोडून देतो. नसांचं नुकसान फार काळ चाललं तर पुढे कितीही सुया घेतल्या तरी ते पूर्ण भरून येत नाही. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. मेटफॉर्मिन चालू ठेवूनही बी-१२ भरून काढता येतं.

आता सुनांविषयी आणि लेकींविषयी.

१९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. तिचं काम आपल्या परळच्या हाफकिन संस्थेत चाले. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायका एका विचित्र रक्तक्षयाने मरत होत्या. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत, आणि जितकी गरिबी तितकं जेवण निकस, तितका आजार जास्त. विल्सला उपाय सापडला तो यीस्टच्या अर्कात, मार्माइट नावाच्या स्वस्त, काळ्या, खारट चाटणात. १९३१ साली तिने तो जगापुढे मांडला. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे पुढे ओळखलं गेलेलं फोलेट. आज जगभर गरोदर स्त्रियांना फोलिक ॲसिडची गोळी देतात, तिची पाळंमुळं गिरणगावातल्या बायकांच्या रक्तात आहेत. एवढं असून आपल्याच चाळींत ती गोळी उशिरा सुरू होते याचा राग येतो.

उशिरा म्हणजे किती? बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांच्या आत मिटते. पाळी चुकली हे बाईला कळून ती दवाखान्यात येईपर्यंत ते काम उरकलेलं असतं. म्हणून मूल हवं असं ठरलं की त्याच महिन्यापासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड सुरू करावं. नव्या सुनेला "गोड बातमी कधी?" विचारणाऱ्या सासूबाईंनी गोळी सुरू केली का, हेही विचारावं.

सोबत बी-१२ बघायलाच हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या (आपलं परळचं नव्हे) डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या जवळजवळ दोन तृतीयांश जणींत बी-१२ कमी निघालं. नुसतं फोलिक ॲसिड दिलं तर हिमोग्लोबिन सुधारतं, सगळे खूश होतात, आणि बी-१२अभावी नसांची झीज आतल्या आत चालूच राहते.

स्वयंपाकघराबद्दल थोडंच. भाजी चिरून मग धुऊ नका, आधी धुवा. उसळ लवकर शिजावी म्हणून सोडा टाकाल तर थायमिन नष्ट होतं; कडधान्य जास्त वेळ भिजवा. गावाहून आलेला उकडा तांदूळ "जाडाभरडा" म्हणून वाटून टाकू नका. उकडताना कोंड्यातली ब जीवनसत्त्वं दाण्याच्या आत जातात, त्यामुळे पांढऱ्याशुभ्र तांदळापेक्षा तो उजवा. मेथीवर लिंबू पिळा, कारण 'क'मुळे भाजीतलं लोह अंगी लागतं. एक मध्यम पेरू 'क'ची दिवसाची गरज भागवून उरतो, मग महागड्या फसफसणाऱ्या गोळ्या कशाला?

आणि "पाण्यात विरघळतं, जास्त झालं तर वाहून जाईल" यावर पूर्ण विसंबू नका. बी-६च्या मोठ्या मात्रा महिनोन्महिने घेतल्या तर नसाच बिघडतात. घरात रोज दारू पिणारं कुणी गळून पडलं असेल, तर सलाईन लावण्यापूर्वी डॉक्टरांना दारूचं स्पष्ट सांगा, लाजू नका. थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर त्याच्या मेंदूला इजा होऊ शकते.

मंडळांना शेवटची विनंती. वर्गणीतून आरोग्य शिबिरं घेता, साखर आणि रक्तदाब तपासता, ते चांगलंच आहे. यंदा त्यात हिमोग्लोबिन घाला. साठीपुढचे माळकरी, मेटफॉर्मिनवरचे रुग्ण आणि नवविवाहिता यांच्यासाठी बी-१२चा खर्च मंडळाने उचलावा. डीजेचा एक दिवस कमी केला तरी भागेल. महिला मंडळांनी आशाताईंना हळदीकुंकवाला बोलवावं आणि शाळकरी मुलींच्या आठवड्याच्या लोह-फोलिक ॲसिडच्या निळ्या गोळीबद्दल सगळ्यांसमोर बोलायला लावावं. "गोळीने मळमळतं" म्हणून मुली ती गुपचूप फेकतात, जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. आणि शिबिराची तारीख ठरली की चाळीच्या फळ्यावर तारखेखाली एवढं जरूर लिहा: चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत आणाव्यात, आणि त्याआधी ताकदीची सुई घेऊ नये.