लेक्चर घरात आले, परीक्षेच्या तीन तासांचे काय?

ठाण्याचे बाळकुम हे मूळचे आगरी-कोळ्यांचे गाव. आज तिथे टॉवर उभे आहेत, नाक्यावर मेट्रोचे खांब आहेत आणि जुन्या आग्रा रोडने कशेळी पुलाकडे, म्हणजे भिवंडीच्या गोदामांकडे, कंटेनरची रांग सरकत असते. याच बाळकुममध्ये २०१४ पासून मुंबई विद्यापीठाचे ठाणे उपकेंद्र आहे आणि विद्यापीठाच्या दूरस्थ शिक्षणाचे, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या 'आयडॉल'चे, विभागीय केंद्रही इथेच आहे. जवळच राबोडी, पुलापलीकडे भिवंडी आणि खाडीच्या त्या बाजूला मुंब्रा-कौसा. मुस्लिम समाजाच्या तीन मोठ्या वस्त्यांना पदवीचे हे दार जवळचे आहे.

या दाराशी येणाऱ्यांमध्ये एक वर्ग असा आहे, ज्याच्याबद्दल आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. बारावीनंतर निकाह झाला, शिक्षण थांबले, आता पदरात दोन लेकरं आहेत आणि तरीही बी.ए. किंवा बी.कॉम. पूर्ण करायचे आहे, अशा आया. त्यांच्याबरोबर दिवसभर रिक्षा चालवणारे, लूमवर पाळी करणारे, गोदामात हिशेब लिहिणारे बापही आहेत. 'ऑनलाइन आहे ना, घरबसल्या होईल' एवढ्या एका वाक्यावर हे प्रवेश होतात. या वाक्यात किती तथ्य आहे, हे तपासायला हवे.

आकडे काय सांगतात?

उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०१९-२० मध्ये देशातील मुस्लिम विद्यार्थी सुमारे २१ लाख होते. कोविडच्या पहिल्या वर्षात, २०२०-२१ मध्ये, ते १९ लाखांच्या आसपास घसरले. एकूण विद्यार्थ्यांत आपला वाटा तेव्हा ४.६ टक्के होता; लोकसंख्येत तो १४ टक्क्यांच्या वर आहे. पुढच्या वर्षी संख्या पुन्हा २१ लाखांवर आली. यात जवळपास निम्म्या मुली आहेत, ही समाधानाची बाब. पण मुलगी बारावीपर्यंत पुढे, आणि लग्न झाले की यादीतून गायब, हेही आपण घरोघरी पाहतो. ही गळती थांबवण्याचा सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षण.

मार्ग नवा नाही. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्राद्वारे शिक्षण सुरू केले. १९८५ मध्ये इग्नू आले, १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि १९९८ मध्ये हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ. उर्दू माध्यमात शिकलेल्या आयांसाठी हे शेवटचे नाव विशेष महत्त्वाचे. २०२० च्या यूजीसी नियमांनी मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची ठरवली आणि २०२२ मध्ये यूजीसीने ते पुन्हा स्पष्ट केले. म्हणजे 'घरी बसून घेतलेली डिग्री चालत नाही' हा जुना समज आता खरा नाही.

ऑनलाइन कुठे संपते?

लेक्चर मोबाइलवर आले, पुस्तक पीडीएफमध्ये आले, फी ऑनलाइन भरता येते. पण दूरस्थ पदवीची लेखी परीक्षा आजही बहुतेक ठिकाणी केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. कोविडच्या काळात घरून परीक्षा झाल्या खऱ्या. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आयडॉलच्या ऑनलाइन परीक्षेवर सायबर हल्ला होऊन पेपर पुढे ढकलावे लागले, हेही घडले. साथ ओसरली आणि पेपर पुन्हा वर्गात गेले. कॉपी रोखायची तर देखरेख हवी, याबद्दल आमचे दुमत नाही.

आता समजा, मुंब्र्यातली एक आई आहे. मोठा मुलगा दुसरीत, धाकटी दहा महिन्यांची. लेक्चर ती रात्री अकरानंतर ऐकू शकते, असाइनमेंट दुपारी धाकटी झोपली की लिहू शकते. परीक्षेचे तीन तास मात्र असे इकडे-तिकडे सरकवता येत नाहीत. पेपर तीन तासांचा असला तरी लोकलची गर्दी आणि रस्त्यावरची कोंडी धरली, तर ती पाच-सहा तास घराबाहेर असते. त्या वेळात अंगावर पिणाऱ्या बाळाचे काय? सत्र पद्धतीत हे वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी चार-पाच दिवस. उन्हाळी परीक्षा आली की मुलांच्या वार्षिक परीक्षाही त्याच सुमारास असतात. मग पहिला पेपर चुकतो, एटीकेटी लागते, 'बघू पुढच्या वर्षी' होते. मुदत मात्र चालूच राहते. इग्नूची बी.ए. कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षांत पूर्ण करावी लागते. मधे एक बाळंतपण आले, तर ही सहा वर्षे बघता बघता संपतात.

म्हणून आमचे मत असे की ऑनलाइन शिक्षणात आई अडते ती अभ्यासावर कमी आणि परीक्षेच्या दिवशीच्या व्यवस्थेवर जास्त. आणि व्यवस्था बदलता येते.

कायदा आणि विद्यापीठ

नोकरदार आईला २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांची पगारी रजा आहे; ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सक्ती आहे. विद्यार्थिनी आईला यातले काही नाही. पीएच.डी. करणाऱ्या महिलांना यूजीसीने २४० दिवसांपर्यंत रजा दिली. पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थिनींसाठी मात्र डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठांना एक पत्र गेले: मातृत्व रजेचे आणि सवलतींचे नियम तुम्ही करा. केरळ सरकारने जानेवारी २०२३ मध्ये विद्यार्थिनींना ६० दिवसांची मातृत्व रजा जाहीर केली. महाराष्ट्राने ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने मुलींची फी माफ केली, पण ती केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश होणाऱ्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आणि ठरावीक प्रवर्गांतल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी आहे. घरून बी.ए. करणाऱ्या आईपर्यंत ती पोहोचत नाही.

विद्यापीठांकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रसूतीच्या आसपास परीक्षा चुकली तर ती संधी मोजू नये आणि पुन्हा फी घेऊ नये. अर्जातच 'दोन वर्षांखालील मूल' असा रकाना ठेवून जवळचे केंद्र द्यावे. केंद्रावर एक खोली द्यावी, जिथे आजी किंवा नवरा बाळाला घेऊन बसू शकेल, आणि दूध पाजण्यासाठी गेलेली मिनिटे पेपरच्या वेळेत भरून द्यावीत. बाळकुमच्या उपकेंद्राला एक खोली उघडून याची सुरुवात करता येईल.

घर आणि मोहल्ला

सगळा बोजा विद्यापीठावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा वेळ सरासरी २८९ मिनिटे निघाला, पुरुषांचा ८८ मिनिटे. म्हणजे बाईचा दिवस आधीच जवळपास पाच तासांनी छोटा झालेला. त्यात घरात चांगला मोबाइल एकच, आणि तोही मुलाच्या होमवर्कला लागतो.

'आधी मुलांचं बघ, डिग्री पळून जात नाही' असे सांगणारे वाईट नसतात. त्यांना घराची काळजी असते. पण त्यांनी आपल्याच दीनकडे एकदा पाहावे. प्रेषित मुहम्मद (स.) घरात काय करत, असे विचारल्यावर हजरत आयशा (र.) यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. जमातीत मूल रडल्याचा आवाज आला, तर आईच्या जिवाची घालमेल होऊ नये म्हणून ते नमाज आटोपती घेत. एका आईसाठी नमाज थोडी लहान होऊ शकते, तर घरातले जेवण अर्धा तास पुढे-मागे का होऊ शकत नाही?

तेव्हा घरात एवढे ठरवावे: रोजचे दोन तास आईचे, त्या वेळी मुले अब्बूंकडे आणि मोबाइल आईकडे. हॉल तिकीट हातात आले की पेपरच्या दिवशी मुलांजवळ कोण थांबणार, हे त्याच दिवशी ठरावे. बाप शिकत असेल, तर त्याची पाळी बदलून घेण्यासाठी शेठकडे घरातल्या मोठ्यांनी शब्द टाकावा. मोहल्ल्यातल्या मदरशाचा एखादा हॉल परीक्षेच्या दिवसांत मुलांसाठी उघडावा. रमजान सध्या फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. त्या महिन्यात शिकणाऱ्या सुनेच्या वाट्याची इफ्तारीची तयारी इतरांनी उचलली, तर तीही खिदमतच आहे.

प्रवेश घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. यूजीसीने २०२४ मध्ये 'दहा दिवसांत एमबीए' अशा जाहिरातींपासून सावध केले. आता दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशाला डीईबी आयडी लागतो. विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि सत्र, तिन्हींची मान्यता यूजीसीच्या डीईबी संकेतस्थळावर पाहूनच पैसे भरा. कायद्याची पदवी या पद्धतीने मिळत नाही. मानसशास्त्रासारख्या विषयांनाही २०२५ पासून मनाई आहे. एजंटने काहीही सांगितले तरी.

प्रवेश वर्षातून दोनदा होतात, जुलै-ऑगस्टच्या आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सत्रात. पुढचे सत्र उघडण्याआधी राबोडी, मुंब्रा, भिवंडीतल्या मशिदींच्या कमिट्यांनी आणि महिला मंडळांनी आपल्या गल्लीत पदवी अर्धवट राहिलेल्या किती आया आहेत, याची एक यादी करावी. ती यादी आणि वरच्या मागण्या घेऊन बाळकुमला जावे. अर्ज कसा भरायचा, हे त्या आयांना आता समजते. त्यांना हवे आहेत ते पेपरच्या दिवशी मूल सांभाळणारे दोन हात.