विश्लेषण : रील पाहून गरबा का जमत नाही?

नवरात्र जवळ आली की मुंबई-ठाण्यात गरब्याचे क्लास भरू लागतात. तिशी-चाळिशीत पहिल्यांदा शिकायला येणाऱ्यांची तक्रार ठरलेली : रील वीस वेळा पाहिली, स्टेप पाठ आहे, पण रिंगणात उतरले की पाय चुकतो. दोष वयाला दिला जातो. तो खरे तर पाहण्याच्या पद्धतीत आहे.

लंडनमधील संशोधकांनी २००५ मध्ये बॅले आणि कापोएरा (ब्राझीलची नृत्यासारखी युद्धकला) यांतील तरबेज मंडळींना दोन्हींचे व्हिडिओ दाखवून मेंदूचे स्कॅन केले. स्वतःला येणारी हालचाल पाहताना मेंदूतील हालचालींशी निगडित भाग अधिक सक्रिय झाले. म्हणजे जे अंगात थोडेतरी मुरले आहे, तेच पाहून जास्त समजते. बसून रील पाहणाऱ्याकडे नेमका तोच पाया नसतो.

त्यात नवख्याची नजर टाळीवर खिळते. गरबा मात्र पायात असतो, त्याहून नेमके सांगायचे तर शरीराचा भार कोणत्या पायावर आहे, यात. भार उजव्यावर असताना उजवाच पाय उचलायचा म्हटले तर अडखळणारच. रीलमध्ये पाय अनेकदा चौकटीबाहेर असतात. शिवाय नाचणारा समोर तोंड करून असतो, त्यामुळे डावे-उजवे उलटते. सेल्फी कॅमेऱ्याची रील असेल तर ते कधी उलटते, कधी नाही!

पारंपरिक रिंगणात हा घोळ नव्हता. पुढच्याची पाठ दिसते, त्याचा डावा तो आपला डावा. शिकायची सोय नाचाच्या रचनेतच होती. क्लासवाल्यांनी ती मोडून रांगा लावल्या, समोर शिक्षक आणि मोबाइलचा स्टँड. मोठ्या मैदानांवर बक्षिसांसाठी नाचणाऱ्यांचे वेगवान गट जागा अडवतात आणि नवखे खाऊच्या स्टॉलपाशी उभे राहून शूटिंग करतात. आयोजकांनी बाहेरचे एक रिंगण संथ दोन टाळीसाठी राखले, तर पैसे भरून आलेल्या या लोकांना नाचताही येईल.

तोवर घरी व्हिडिओचा वेग निम्मा करावा, पाठमोरा नाचणारा शोधावा आणि दहा सेकंदांचा तुकडा उभे राहून, फक्त पायांनी करावा. टाळी दुसऱ्या दिवशी.