बॅकअप झाला, पण किती मिनिटांत?



परवाच्या बॅचमध्ये मुलुंडच्या एका दुकानदार भाऊंनी विचारलं, "मॅडम, सर्व्हरचा बॅकअप रात्री अकराला लावलाय. कधी वीस मिनिटांत संपतो, कधी दोन तास लागतात. हिरवी टिक तर येते ना, मग टेन्शन कशाला?"

माझं मत स्पष्ट आहे. टिक बघू नका, मिनिटं बघा.

हे मी नुकसान सोसून शिकले. माझ्या बोरिवलीच्या दुकानात पंधरा मिनिटांचा बॅकअप अचानक दोन मिनिटांत व्हायला लागला. मी खूश! झालं असं होतं की कॉम्प्युटरवाल्याने अकाउंटिंगचा डेटा दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला होता आणि बॅकअप अजून जुन्याच फोल्डरचा चालू होता. तिथे काही बदलतच नव्हतं, म्हणून काम झटपट. एकोणीस दिवसांनी हार्ड डिस्क गेली. 11 तारखेला जीएसटीआर-1 भरायचा आणि आम्ही रात्री बसून बिलबुकाच्या कार्बन कॉपीवरून एन्ट्री मारतोय! म्हणून सांगते, उशिरापेक्षा अचानक लवकर संपलेला बॅकअप जास्त धोक्याचा.

वेळ जास्त लागला तर आधी साधी कारणं तपासा:

१. फुल की इन्क्रिमेंटल? रोज फक्त बदललेला डेटा जातो, रविवारी सगळा. रविवारी मेगाब्लॉक आहे हे माहीत असलं की लोकल उशिरा आली तरी आपण घाबरत नाही, तसंच हे.

२. त्याच वेळी अँटिव्हायरस स्कॅन किंवा विंडोज अपडेट चालू आहे का? असेल तर वेळा वेगळ्या करा.

३. डिस्क कुठल्या पोर्टला आहे? 100 जीबीला जुन्या यूएसबी 2 वर साधारण पाऊण ते एक तास लागतो, यूएसबी 3 वर साधी हार्ड डिस्कसुद्धा वीसेक मिनिटांत उरकते. झाडलोट करताना कुणीतरी केबल बदलून लावते!

४. क्लाउडवर जातो का? 20 एमबीपीएस अपलोडला 50 जीबी म्हणजे साडेपाच तासांच्या वर.

५. वीज गेली होती का? 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची बत्ती गुल झाली होती, आठवतं? सर्व्हर असा धाडकन बंद पडला की काही सॉफ्टवेअर पुढच्या वेळी सगळी डिस्क पुन्हा वाचतात. एक दिवस उशीर होतो, मग गाडी रुळावर येते.

यातलं काहीच नाही आणि वेळ रोज थोडा थोडा वाढतोय? डेटा वाढतोय का बघा. डेटा तेवढाच असेल तर डिस्क मरायला टेकलेली असू शकते. आजच नवीन घ्या.

काही जण म्हणतात, हे आयटीवाल्याचं काम. अहो, गल्ला दुसऱ्याने मोजला तरी रात्री आकडा आपणच बघतो ना? एक वही करा. तारीख, किती मिनिटं, किती जीबी, शेरा. रोज अर्धा मिनिट. महिन्यात तुमच्या बॅकअपची चाल तुम्हालाच कळेल. आणि महिन्यातून एकदा एखादी फाइल परत उघडून बघा, कारण न उघडणारा बॅकअप कितीही वेळेत झाला तरी काय कामाचा?

आज रात्रीपासून वही सुरू करा. भेटू पुढच्या व्हिडिओत!