ब्रिटिशकालीन म्हणे!

कोराडीच्या आमच्या घरात आजीचा शिवणाचा डबा आहे. बिस्किटांचा, पत्र्याचा; बिस्किटं कधी संपली ते कोणालाच आठवत नाही. दिवाळीच्या साफसफाईत मामेभावाने त्यातल्या सामानाचा फोटो एका अ‍ॅपला दाखवला. चार सेकंदांत उत्तर आलं : ‘व्हिक्टोरियन शिवणसंच, अंदाजे १८८०.’ संध्याकाळी जुन्या वस्तू घेणारा एक जण म्हणाला, "भाऊ, पक्का ब्रिटिशकालीन माल आहे." झालं, घरात वाटणीची भाषा सुरू!

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. असं अ‍ॅप वस्तू तपासत नाही, ते तुमच्या फोटोसारखे दिसणारे फोटो शोधतं. पण सारखं दिसणं म्हणजे एकाच काळातलं असणं नव्हे. कात्रीचा घाट शंभर वर्षांत फारसा बदलत नाही, तिच्यावरचा शिक्का मात्र बदलतो.

म्हणून मी डबा उलटा केला. कात्रीच्या पात्यावर आतून कोरलंय, ‘मेड इन वेस्ट जर्मनी’. हा देश १९४९ साली जन्मला आणि १९९० साली संपला. म्हणजे व्हिक्टोरिया राणी गेल्यावर निदान अठ्ठेचाळीस वर्षांनी ही कात्री बनली. बटणांत एक ‘नया पैसा’ सापडला. हे नाव १९५७ साली आलं आणि १९६४ साली गेलं. पितळी अंगुस्तान्यावर काहीच खूण नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल गप्प बसणं हेच प्रामाणिक उत्तर. तो चांदीचा आणि इंग्लंडचा असता तर शिक्के बोलले असते : नांगर असेल तर बर्मिंगहॅम, आणि शेजारचं अक्षर म्हणजे साल.

शिवणयंत्राचंही तसंच. सिंगरच्या जुन्या मशीनवर क्रमांक असतो. १९०० सालापासून त्याआधी अक्षर येऊ लागलं आणि त्यावरून कारखाना व साल काढता येतं. पाटीवर पेटंटचं साल दिसलं तर ते शोधाचं, मशीन बनल्याचं नव्हे. इथेच भलेभले फसतात. आमची मशीन तर ‘उषा’. तिची कंपनी १९३०च्या दशकात कलकत्त्यात उभी राहिली. म्हणजे इंग्रजांच्या राज्यातली ‘उषा’सुद्धा देशी हातांचीच. मग ‘ब्रिटिशकालीन’ म्हणजे नेमकं काय? कोणाचा काळ, आणि मेहनत कोणाची?

माझा राग इथे आहे. ‘ब्रिटिशकालीन’ हे वय नाही, ते भाव वाढवायचं लेबल आहे. ते चिकटलं की घेणारा फसतो आणि वापरणारी बाई पुसली जाते. त्या डब्यातली प्रत्येक वस्तू वेगळ्या गावाची, वेगळ्या सालाची आहे. त्यांचा ‘संच’ कोणत्याच कारखान्याने बनवलेला नाही. तो आजीने बनवला. वीज केंद्राचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला, त्याच सुमारास ती लग्न होऊन इथे आली आणि वसाहतीतल्या पोरांचे गणवेश शिवू लागली. बाबांची फी त्यातूनच भरली गेली. सुट्या वस्तू कुठल्याही असोत, या संचाचं मूळ कोराडी आहे.

तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "काहून रे, कात्री बोथट झाली का?" मग तिने सांगितलं, कात्री सीताबर्डीवरून आणलेली, अंगुस्ताना तिच्या आईचा. चार सेकंदांच्या उत्तरात यातलं काही नव्हतं. विचारायला कोणालाच सुचलं नव्हतं. मलाही नाही, शिक्के वाचून झाल्यावरच सुचलं.

तुमच्याही घरात असा डबा असेल. फोटो काढायचाच असेल तर शिक्क्याचा काढा, क्रमांकाचा काढा. पण त्याआधी त्या डब्याच्या मालकिणीजवळ बसा. शिक्का उद्याही वाचता येईल. ती उद्या असेलच असं नाही.