पोटांतलें विरजण

गेल्या पावसाळ्याच्या तोंडीं शाळा उघडली त्या आठवड्यांतली गोष्ट. तिसरीच्या वर्गांत आम्ही हात धुण्याचा पाठ घेत होतों. हा पाठ आम्ही गेलीं वीस वर्षें एकाच साच्यांतून काढीत आलों आहों. फळ्यावर शिंगें व सुळे असलेला एक राक्षस काढावयाचा, त्याच्या खालीं ‘जंतु’ असें लिहावयाचें आणि जंतु म्हणजे रोग असें मुलांकडून घोकून घ्यावयाचें. त्या दिवशीं मागल्या ओळींतली एका शेतकऱ्याची पोर उभी राहिली व म्हणाली, “गुरुजी, काल आमच्या बाबांनी सोयाबीनच्या बियाला जंतूचं पाकीट चोळलं. मग राक्षस बियाला कशाला लावायचा?”

वर्ग हंसला. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. पोरीला उत्तर द्यावयाचें तर आधीं फळ्यावरचा राक्षस पुसावा लागत होता, आणि वीस वर्षांचा राक्षस एका झटक्यांत पुसवत नाहीं.

शेतकरी बंधूंनो, तुमच्या त्या पाकिटांत रायझोबियम वर्गाचे जिवाणु असतात. सोयाबीन, तूर, भुईमूग यांच्या मुळांवर ते गांठी धरतात व हवेंतला नत्र पिकाला पुरवितात. बदल्यांत पीक त्यांना साखर देतें. हा व्यवहार तुम्हांस पक्का ठाऊक आहे. म्हणून तर तुम्ही बियाण्याला बुरशीचें औषध आधीं लावतां, जिवाणूंचें पाकीट सगळ्यांत शेवटीं लावतां आणि बीं सावलींत वाळवून लगेच पेरतां. अंबाडीचा वाख काढणारे आपले कारागीर ती पाण्यांत कुजत घालतात, तेंहि काम जंतूंचेंच. दूध विरजणारी घरधनीण रोज रात्रीं जंतूंची पेरणी करते. औषधाला आपला कोण आणि परका कोण हें कळत नाहीं, हें शेतांत आपल्याला समजतें. उंबरठा ओलांडला कीं हीच अक्कल आपण जोड्यांबरोबर बाहेर ठेवतों. आमची आजची तक्रार एवढीच आहे, आणि आरोपीच्या पिंजऱ्यांत पहिल्यानें आम्ही स्वतःच उभे आहों.

माणसाच्या तोंडांत जंतु राहतात हें प्रथम पाहून लिहून ठेवलें तें कोणा पंडितानें नव्हे, एका कापडवाल्यानें. हॉलंड देशांत डेल्फ्ट शहरीं अँटनी व्हान लेव्हेनहुक नांवाच्या गृहस्थाचें कापडाचें दुकान होतें. विद्यापीठाची पायरी तो चढला नव्हता, आणि त्या काळच्या विद्वानांची भाषा जी लॅटिन ती त्याला येत नव्हती. कापडाचे धागे मोजण्यास व्यापारी भिंग वापरीत. याला भिंगें घासण्याचाच नाद लागला. १६८३ सालीं त्यानें स्वतःच्या दांतांवरचें किटण काढून पाण्यांत कालवलें व भिंगाखालीं धरलें, तों त्यांत बारीक जीव वळवळतांना दिसले. आपल्या देशांत जितकीं माणसें आहेत त्यांहून अधिक जीव आपल्या एका तोंडांत आहेत, असा त्याचा हिशेब झाला. हें सारें त्यानें आपल्या मायबोलींत, डच भाषेंत, लिहून लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविलें. विद्या मूठभरांच्याच भाषेंत नांदते असें सांगणारे आजहि भेटतात. त्यांना या कापडवाल्याचा पत्ता द्यावा.

आतां आजचा हिशेब. २०१६ सालीं शास्त्रज्ञांनीं बारकाईनें मांडलेल्या गणिताप्रमाणें सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या अंगांत सुमारें ३८ लाख कोटि जिवाणु असतात आणि त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारें ३० लाख कोटि. (एकास दहा असें प्रमाण पुष्कळ पुस्तकांत छापलेलें आढळतें, तें चुकीचें आहे, आम्हीहि तें मुलांना सांगत होतों.) एवढ्या सगळ्या जिवाणूंचें वजन मात्र पाव किलोच्या आंत, सुमारें २०० ग्रॅम. बहुतेक वस्ती मोठ्या आंतड्यांत. कातडीवर, तोंडांत, नाकांत थोडीथोडी. घामाला मूळचा वास नसतो. काखेंतले जिवाणु तो खातात तेव्हां वास सुटतो. दांत किडतो तो अळीनें नव्हे, साखर खाऊन आम्ल सोडणाऱ्या जिवाणूंनीं. जत्रेंत दांतांतून अळी काढून दाखविणारे बसतात, ती अळी त्यांनीं घरून आणलेली असते.

पोटाची गोष्ट सावकाश सांगण्यासारखी आहे, आणि ती गोठ्यांतून सुरू करावी लागते. बैल कडबा खातो. पण कडबा पचविण्याची शक्ति बैलाची नव्हे, त्याच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यांतल्या जंतूंची. ते कडबा आंबवितात आणि त्या आंबवणावर बैल औत ओढतो. दावें तोडून बैलानें रात्रीं धान्याच्या राशींत तोंड घातलें कीं सकाळीं तो आडवा पडतो, कारण पोटांतली वस्ती एका रात्रींत बिघडते व आम्ल चढतें. माणसाच्या मोठ्या आंतड्यांत हाच कारखाना लहान प्रमाणावर चालतो. ज्वारी, बाजरी, नाचणी, डाळी, पालेभाज्या यांतला जो चोथा आपल्यानें पचत नाहीं तो तेथले जिवाणु आंबवितात. त्यांतून जीं आम्लें निघतात त्यांतल्या ब्युटिरेट नांवाच्या एकावर आंतड्याचें अस्तर पोसलें जातें. शिवाय ही वस्ती दाट असली कीं बाहेरून आलेल्या दांडग्यांना बूड टेकावयास जागा मिळत नाहीं. पीक दाट आलें म्हणजे तणाला जागा राहत नाहीं, तसें. भाकरी बाजूला सारून पोराच्या हातीं मैद्याच्या बिस्किटांचा पुडा देणाऱ्या आईबापांना वाटतें, पोर सुधारलें. पोराच्या पोटांतलीं बिऱ्हाडें मात्र उपाशी निजतात.

लेकराच्या पोटांत हें विरजण लावतें कोण? मुख्यतः आई. वीस देशांतल्या नऊ हजारांवर नमुन्यांचा अभ्यास २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षांत बाळाच्या आंतड्यांत जे जिवाणूंचे वाण सांपडतात त्यांतले सुमारें निम्मे आईच्या आंतड्यांतलेच असतात, असें त्यांत दिसलें. पुढें एका छपराखालीं राहणाऱ्यांत ते वांटले जातात. कोणाच्या घरचें विरजण चालावयाचें आणि कोणाच्या घरचें नाहीं, याचे नियम आपल्या गांवांनीं पिढ्यान्‌पिढ्या पाळले. या जिवाणूंनीं ते एक दिवसहि पाळले नाहींत.

आणखी एक नवल ऐका. आईच्या दुधांतल्या घनपदार्थांत साखर व स्निग्धांश यांच्या खालोखाल जो पदार्थ असतो तो बाळाला पचतच नाहीं. तो असतो बाळाच्या पोटांतल्या बायफिडो जातीच्या जिवाणूंसाठीं. आई एका वेळीं दोघांना पाजते.

आणि आपण काय करतों? गाय व्याली कीं वासराला आधीं चीक पाजतों, कारण चिकावांचून वासरूं धड राहत नाहीं हें आपल्याला ठाऊक असतें. उरल्या चिकाचा खरवस करून शेजारीं वाटतों. पण घरांत सून बाळंत झाली कीं तिचें पहिलें पिंवळें दाट दूध ‘जड’ म्हणून पिळून टाकणारीं आणि दोन-तीन दिवस बाळाला मध नाहींतर गुळाचें पाणी चाटविणारीं घरें आम्हीं आमच्याच भावकींत पाहिलीं आहेत. गोठ्यांतल्या वासराला जो मान तो पाळण्यांतल्या नातवाला नाहीं. त्या पिंवळ्या दुधांत रोगाशीं लढणारीं द्रव्यें ठासून भरलेलीं असतात. उलट मधांत एका जिवाणूचीं बीजें असूं शकतात; वर्षाच्या आंतल्या मुलाच्या पोटांत तीं रुजलीं तर अंग लुळें पाडणारें विष तयार होतें. मोठ्यांच्या पोटांतली जुनी वस्ती त्यांना सहसा रुजूं देत नाहीं, म्हणून आजीबाईंना मध बाधत नाहीं. जन्मल्यावर तासाभरांत बाळाला छातीशीं लावावें आणि सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धां देऊं नये, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपली आशाताई दारोदार फिरून तेंच सांगते. तिला चहा पाजून वाटेला लावतात आणि मग मधाची बाटली काढतात.

आतां आमचा स्वतःचा गुन्हा. चार वर्षांमागें आमच्या धाकट्या मुलीला सर्दी होऊन ताप भरला. तालुक्याच्या गांवीं औषधांच्या दुकानांत उभ्या उभ्या आम्हीं सांगितलें, जरा जोरदार गोळी द्या. चिठ्ठी त्यांनीं मागितली नाहीं आणि आमच्यापाशीं नव्हती. अँटिबायोटिकची पट्टी खिशांत घालून घरीं आलों. सर्दी होते विषाणूंनीं आणि अँटिबायोटिक मारतें जिवाणूंना. म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. दोन दिवसांनीं ताप आपल्या मुदतीनें उतरला, श्रेय गोळीला मिळालें, आणि उरलेली पट्टी पुढच्या वेळेसाठीं कोनाड्यांत गेली. मग पोरीला जुलाब लागले ते आठ दिवस हटेनात. आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरीणबाईंनीं मीठ-साखरेची पुडी दिली, जस्ताच्या गोळ्या दिल्या, काय काय घातलें होतें तें विचारून घेतलें आणि म्हणाल्या, “गुरुजी, ग्लायफोसेट मारल्यावर ते तण कोणतं नि पीक कोणतं, हे बघतं का?” पोरीचे डोळे खोल गेले होते. त्या आठ रात्री घरांत कोणी धड निजलें नाहीं.

सुक्याबरोबर ओलेंहि जळतें, एवढ्यावरच हें थांबत नाहीं. औषधांतून जे जिवाणु वांचतात तेच पुढें वाढतात. बीटी कपाशीला दाद न देणारी गुलाबी बोंडअळी विदर्भ-मराठवाड्यांतल्या शेतकऱ्यांनीं पाहिली आहे. येथेंहि तोच न्याय. पेनिसिलिनचा शोध १९२८ सालीं लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगनें १९४५ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानांत हाच धोका सांगून ठेवला होता. २०१९ या एका वर्षांत औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळें जगांत सुमारें १२ लाख ७० हजार माणसें दगावलीं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. कोंबड्यांना व जनावरांना वाढीसाठीं कोलिस्टिन नांवाचें औषध चारीत असत. माणसाला दुसरें कांहीं लागू पडेनासें झालें कीं शेवटीं वापरावयाचें तें हें औषध! केंद्र सरकारनें जुलै २०१९ मध्यें जनावरांसाठीं त्यावर बंदी घातली, हें कुक्कुटपालन करणाऱ्या आमच्या बांधवांनीं लक्षांत ठेवावें.

कायदा माणसांसाठींहि आहे. मार्च २०१४ पासून पुष्कळशीं अँटिबायोटिक औषधें चिठ्ठीवांचून विकूं नयेत व त्यांच्या विक्रीची वेगळी वही ठेवावी असा नियम आहे. पट्टीवर उभी लाल रेघ असते ती याचसाठीं. पण रोजावर जाणारा माणूस आरोग्य केंद्रापाशीं अर्धा दिवस बसला तर त्याचा रोज बुडतो, आणि डॉक्टर जागेवर नसला तर दिवसहि फुकट जातो; दुकानदार दोन मिनिटांत गोळी देतो. सगळा दोष अडाणीपणावर ढकलणें आम्हांस पटत नाहीं. आम्ही तर पगारदार शिकलेले होतों, आम्हीं तेंच केलें.

पोटांतली वस्ती पार उजाड झाली म्हणजे काय होतें याची एक हकीकत पुन्हा हॉलंडांतलीच. अँटिबायोटिकनें आंतडें ओसाड पडलेल्या कांहीं रोग्यांना क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नांवाचा जिवाणु ग्रासतो आणि जुलाबानें प्राण नकोसा होतो. आम्स्टरडॅमच्या डॉक्टरांनीं तपासून घेतलेल्या निरोगी माणसांची विष्ठा पाण्यांत कालवून, गाळून, नळीनें अशा १६ रोग्यांच्या आंतड्यांत सोडली. १३ एकाच वेळेंत बरे झाले. नेहमीच्या औषधावर ठेवलेल्या १३ जणांत बरे झाले फक्त चार. हा प्रयोग २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. नाक मुरडूं नका. उजाड रानांत पुन्हां पेरणी केली, एवढेंच त्यांनीं केलें. हें काम दवाखान्याचें आहे, घरगुती उपायांचें नव्हे. आणि यावरून शेणमुतांत देवत्व शोधणाऱ्यांनींहि आनंद मानूं नये. तेथें एकेका दात्याची रोगांसाठीं तपासणी झाली होती.

हात धुवावयाचे सोडा, असें आम्ही सांगत आहों असा अर्थ कोणी काढील म्हणून स्पष्ट लिहितों. पटकी, विषमज्वर हे घाणीतून व पाण्यांतूनच येतात. शौचाहून आल्यावर व जेवणापूर्वीं साबणानें हात धुतलेच पाहिजेत. साधा साबण पुरे. ‘जंतुनाशक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या साबणांतलीं १९ द्रव्यें अमेरिकेच्या सरकारनें २०१६ सालीं बाजारांतून काढावयास लावलीं, कारण तीं साध्या साबणाहून सरस असल्याचा पुरावा कंपन्यांना देतां आला नाहीं. आमच्या वर्गांत हात धुण्याचा पाठ अजूनहि होतो. राक्षस तेवढा गेला. त्याच्या जागीं आम्ही दह्याचें मडकें व भुईमुगाचें मूळ काढतों, आणि एका कोपऱ्यांत पटकीचा जिवाणु काढतों, तो मात्र शिंगांसकट. मुलांना शिंगें हवींच असतात.

हा मजकूर लिहावयास बसण्यापूर्वीं आम्हीं घरचा कोनाडा उपसला. अर्धवट वापरलेल्या सात पट्ट्या निघाल्या. चार पट्ट्यांवर लाल रेघ होती, त्यांतल्या दोन मुदत संपलेल्या. आणि एक कोणासाठीं आणली होती तें घरांत कोणालाच आठवेना.